शेवरोलेच्या पोटात वोल्गा

मायामीहून एलाडिओ काकांनी धाडलेला डबा उघडला आणि मी डोक्याला हात लावला. आत मोबाइलवरून जुळवायचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन होतं, कोरं करकरीत, सहा सिलिंडरच्या शेवरोलेसाठी. आमची गाडी शेवरोलेच, बावन्न सालची, काकांनी देश सोडताना बाबांच्या हवाली केलेली. पण बॉनेटखाली इंजिन वोल्गा या रशियन गाडीचं, चार सिलिंडरचं! रशियन गेले, त्यांचं इंजिन आमच्याकडे राहिलं. इथे क्यूबात, मातान्झासमधल्या कुठल्याही जुन्या गाडीचं हेच. वर एक, आत भलतंच. काकांना तेवढं ठाऊक नव्हतं. बाबा वर्षानुवर्षं त्यांना फोनवर सांगत आले होते, "दादा, तुझं इंजिन मस्त चाललंय."

आणि आता रविवारी काका स्वतः येणार होते.

"बसव कसंही," बाबा म्हणाले.

"ही काय टोपी आहे, कुणाच्याही डोक्यावर बसायला?"

"मेकॅनिक ना तू? मग तोंड कमी चालव."

त्या डब्याने माझा जीव खाल्ला. त्याचा दांडा वोल्गाच्या इंजिनाला लांब पडला, तो लेथवर कापून आणला. झाकण जुनं रशियन, चार तारांचं चढवलं. तारा जोडल्या. चावी फिरवली की इंजिन खोकायचं, सायलेन्सरमधून बार काढायचं आणि मरायचं. शेजारची मिग्दालिया खिडकीतून ओरडली, "काय रे, पुन्हा क्रांती सुरू झाली की काय?" मला हसू आलं नाही. बोटं सोलवटली होती आणि डोकं भणभणत होतं.

शेवटी ध्यानात आलं. मोबाइलमध्ये सिलिंडर सहा असंच भरलेलं होतं आणि डबा सहांच्या हिशेबाने ठिणगी टाकत होता. मी चार केलं. पहिल्या फटक्यात इंजिन सुरू झालं, आणि काय सुरेख चाललं!

बाबांनी मोबाइलमध्ये डोकावून पाहिलं. "पुन्हा सहा कर."

"सहावर चालत नाही, बाबा."

"तो आल्या आल्या मोबाइल जोडून बघणार. चार दिसलं तर संपलं. पुन्हा तोंड बघणार नाही माझं. आई गेल्यावर त्याच्याशिवाय मला कोण उरलंय?"

"मग सांगून टाका ना खरं एकदाचं!"

बॉनेट उघडू नये म्हणून बाबांनी पक्कड घालून त्याचा खटकाच मोडला. मला असा संताप आला की हातातला पाना अंगणात भिरकावला. पण चार मी चारच ठेवलं.

रविवारी काका आले, कानात ऐकायचं यंत्र घालून. इंजिन सुरू झालं तसे त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी हौसेने आपला मोबाइल जोडला आणि बघतच राहिले.

"चार?"

"काका, ते काय आहे..." मी सुरुवात केली.

"तू थांब," बाबा म्हणाले. "दादा, तुझं इंजिन मी विकलं. रशियन गेल्यानंतरच्या भुकेच्या वर्षांत. बदल्यात हे रशियन मिळालं, आणि आईसाठी दूध पावडरचं पोतं."

"मला विचारायचंस तरी, सेवेरो!"

"कसं विचारणार? दर फोनला तुझं एकच, गाडी कशी आहे. आई कशी आहे, एकदा तरी विचारलंस?"

काकांनी इंजिन बंद केलं. मग म्हणाले, "दूध पुरलं का रे तिला?"

"तिच्यामागे अर्धं पोतं उरलं," बाबा म्हणाले.