दांड्याचं दुसरं टोक

माझ्या नवऱ्याला कुणाच्या तोंडावर नाही म्हणता येत नाही. लोक त्याला चांगुलपणा म्हणतात. मी त्याच्याशी संसार केलाय, मी त्याला रोग म्हणते.

ग्रीन नदीच्या खोऱ्यात आम्ही आलो तेव्हा आमच्या जागेवर उभं रान होतं. ओक, हिकरी आणि खाली वेलींचा नुसता गुंता. ते आम्ही तोडलं. आम्ही म्हणजे एनॉसनं आणि मी. पोटुशी असतानाही मी फांद्या ओढून पेटवल्या आहेत, आणि सासूबाईंनी त्या राखेत पहिला मका टोचलाय. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं कचेरीत या जमिनीबद्दल जे काही बोलणं झालं त्यात आम्हा दोघींचं नाव कुणी घेतलं नाही.

पीक उभं राहायला लागलं, आणि मग व्हर्जिनियातल्या कुणा साहेबाला आठवलं की जमीन त्याची आहे. त्यानं ती जन्मात पाहिली नव्हती. त्याच्या बापाला इंग्रजांशी लढल्याबद्दल सरकारनं नकाशावर बोट ठेवून दिली होती म्हणे. त्यानं आमच्यावर दावा लावला आणि त्याचा वकील झाला आमच्याच तालुक्यातला कर्नल प्रेथर.

दाव्याची मला तेवढी भीती नव्हती. केंटकीत तेव्हा एक कायदा होता. जमीन दुसऱ्याची ठरली तरी ज्यानं रान तोडलं, घर बांधलं, कुंपण घातलं, त्याच्या कष्टाचं मोल चुकतं केल्याशिवाय त्याला उठवता येत नसे. बाहेरच्या साहेबांना तेच तर नको होतं, त्यांना हवी होती आयती शेती. म्हणून त्या वर्षी कर्नल निवडणुकीला उभा राहिला. निवडून जायचं आणि तो कायदा पुसून टाकायचा, एवढ्यासाठी. त्याच्या विरुद्ध उभा होता ओबेड क्रम. हा कातडी कमावणारा, बोलताना अडखळणारा, अंगाला कायम ओल्या चामड्याचा वास. पण कायदा राहिलाच पाहिजे, हे एक वाक्य तो न अडखळता बोलायचा.

म्हणजे क्रम आला तर आमचं घर राहणार, नाहीतर किमान त्याचं मोल मिळणार. कर्नल आला तर आम्ही रस्त्यावर. लहान पोरालाही कळेल असं गणित होतं हे.

त्या वसंतात आम्ही वरच्या तुकड्यातली झाडं पाडली आणि सावड घातली. ओंडके एकट्यादुकट्याला उचलत नाहीत. शेजारपाजारचे सगळे पुरुष यायचे. ओंडक्याखाली हिकरीचा दांडा आडवा सारायचा, एका टोकाला एकानं लागायचं, दुसऱ्या टोकाला दुसऱ्यानं, असे चारपाच दांडे लावून ओंडका उचलून ढिगावर टाकायचा आणि ढीग पेटवून द्यायचा. बायकांनी रांधायचं. ज्यानं आपल्या दांड्याचं दुसरं टोक धरलं त्याचा एक दिवस आपल्यावर चढतो. तो फेडायचाच. आमच्याकडे चोरी माफ होते, पण सावड बुडवणाऱ्याला कुणी पाणी विचारत नाही.

दुपारच्या आधी घोड्यावरून कर्नल आला. मागं त्याचा एक काळा गुलाम चालत आला. मला वाटलं, नोटीस घेऊन आलाय. तर यानं कोट काढला, त्या माणसाच्या हातात दिला, बाह्या वर केल्या आणि सरळ एनॉसच्या समोर जाऊन दांड्याचं दुसरं टोक धरलं.

"कचेरीतलं भांडण कचेरीत, टॅकेट," तो म्हणाला. "शेजारी तो शेजारी. चल, उचल."

एनॉस बघत राहिला. मग त्यानं उचललं.

कर्नलनं दिवसभर ओंडके वाहिले, हे मला मान्य करावं लागेल. हातांना फोड आले, तेही त्यानं सगळ्यांना दिसतील असे धरले. त्याच्या स्वतःच्या शेतात मात्र त्यानं दांड्याला कधी हात लावला नव्हता. तिथं विकत घेतलेली माणसं होती. त्यांतलाच एक दिवसभर कोट आणि घोडा धरून उन्हात उभा राहिला. सासूबाईंनी त्याला भाकरी नेऊन दिली, तर आधी कर्नलकडे बघितल्याशिवाय तो घेईना.

जेवताना कर्नल माझ्याजवळ आला.

"वहिनी, मक्याची भाकर खावी तर तुमच्या हातची."

"खा," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी या चुलीवर कोण भाजणार ते तुम्हालाच ठाऊक."

माणसं हसली. तोही हसला. एनॉसनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पाहुण्याच्या ताटात थुंकले.

म्हणजे बघा, जी जमीन तो आमच्याकडून हिसकावणार होता ती तो आमच्याच भाकरीवर साफ करून घेत होता. आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता. हा नागोबा बीळ खणायला मदत करून गेला.

ऑगस्ट आला. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी एनॉस बूट पुसत बसला होता. तेवढ्यावरून मला कळलं.

"कुणाला देणार?" मी विचारलं.

तो बूट पुसतच राहिला.

"एनॉस, मी भिंतीशी बोलत नाहीये."

"त्याचा एक दिवस आहे माझ्यावर, केझाया."

"मग दिवसाला दिवस दे. जा त्याच्या शेतात, उचल ओंडके."

"गेलो होतो. नको म्हणाला. म्हणाला, शेतात माणसं आहेत माझ्याकडे, तू मतदानाला येऊन जा, सावड फिटली समज."

"आणि तू हो म्हणालास?"

"काय म्हणणार होतो? त्यानं सगळ्यांसमोर माझा दांडा धरला. तिथं कर्नल समोर बसलेला असणार. त्याच्या तोंडाकडे बघत दुसऱ्याचं नाव घेऊ?"

"घे की. जीभ झडेल का?"

कोपऱ्यातून सासूबाई बोलल्या, "भीड भिकेची बहीण असते, एनॉस. तुझा बापही असाच होता. त्यानं भिडेपायी गाय घालवली. तू घर घालव."

एनॉस उठून बाहेर गेला. मला वाटलं, म्हातारीचं बोलणं लागलं असेल. रात्र जाऊ दे, सकाळी शहाणा होईल. मूर्ख मी.

कचेरीत मी त्याच्याबरोबर गेले. बायकांना मत नव्हतं, पण गाडीत बसून बघायला कुणाची बंदी नव्हती. झाडाखाली कर्नलचं दारूचं पिंप होतं, आणि त्याच्यापलीकडे क्रमचंही एक लहानसं. उघड्या दारात मेज मांडलं होतं. मध्ये शेरीफ, शेजारी कारकून, आणि एका बाजूला कर्नल, दुसऱ्या बाजूला क्रम. माणसानं पुढं जायचं, शेरीफनं विचारायचं, आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडून नाव सांगायचं. ज्याला मत मिळालं त्यानं उठून आभार मानायचे. मत देणं म्हणजे आमच्याकडे असं तोंडावर देणं.

"एनॉस टॅकेट. कुणाला?"

एनॉसनं टोपी काढली. क्रमनं त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात विनवणी नव्हती, तो आपल्या माणसाकडे बघत होता एवढंच. मी गाडीची कड घट्ट धरली.

"कर्नल प्रेथर," एनॉस म्हणाला.

कर्नल उठला, त्यानं हात पुढं केला. "आभारी आहे, टॅकेट. सावड फिटली आपली."

मागं गिडियन उभा होता, आमचा पलीकडचा शेजारी, अंगानं रेड्यासारखा. तो पचकन थुंकला. क्रमनं मान खाली घातली. आणि मी, देवाशपथ, त्या क्षणी हातात काही असतं तर नवऱ्याला फेकून मारलं असतं. परतीच्या वाटेवर मी एक शब्द बोलले नाही. त्यानंतर बरेच दिवस बोलले नाही. मी रांधत होते, त्याच्यापुढं ताट सरकवत होते, तेवढंच.

कर्नल निवडून आला, अगदी थोड्या मतांनी. एकट्या एनॉसनं आम्हाला बुडवलं असं नाही. त्या वसंतात कर्नलनं बऱ्याच जणांचे दांडे धरले होते. हिवाळ्यात कायदा गेला. वसंतात दाव्याचा निकाल लागला. मका पेरायच्या आत जागा सोडा, घर, गोठा, कुंपण आहे तिथं ठेवा, मोल म्हणून काही मिळणार नाही.

निकाल ऐकून एनॉस उंबऱ्यावर बसला आणि रडला. मला दया आली नाही. ती नंतर आली. त्या दिवशी मी शाल घेतली आणि गिडियनकडे गेले.

"माझ्या नवऱ्याची तुझ्याकडे सावड आहे," मी म्हटलं. "ती मला हवी."

"कर्नलला मत देणाऱ्याची?"

"तो तुझ्या शेतात मत द्यायला आला नव्हता, गिडियन. ओंडके उचलायला आला होता. तुझ्या कोठाराला आला होता. तुझ्या बापाचा खड्डा खणायलाही आला होता."

गिडियननं मान खाजवली. "काय उचलायचंय?"

"घर."

तो माझ्याकडे बघत राहिला, आणि हळूहळू त्याच्या तोंडावर हसू पसरलं.

मी घरोघर फिरले. एनॉसनं कुणाची सावड कधी बुडवली नव्हती. त्याच्या त्या रोगाचा मला आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला. ठरल्या दिवशी सगळे आले, क्रमही आला. त्यांनी छपराच्या फळ्या काढल्या, भिंतींचे ओंडके एकेक करून सोडवले. तेच दांडे, तीच माणसं, फक्त ओंडके उलट्या दिशेनं चालले होते. शेताच्या मधोमध ढीग रचला. गोठा त्यावर. कुंपणाचा एकेक वासा त्यावर. धुराड्याचे दगड ओढ्यात टाकले. बायकांनी नेहमीसारखं रांधलं, मी उघड्यावर, चुलीच्या उरलेल्या दगडांवर.

झऱ्याकाठी पीचची झाडं होती. एकानं तिकडे कुऱ्हाड नेली.

"ती नको," मी म्हटलं. "ती आमची नाहीत."

ती आम्ही लावली नव्हती. आम्ही आलो तेव्हा ती फळांनी लगडलेली होती, शेजारी दाणे कुटायचं दगडी उखळ होतं, आणि काही जळलेले खांब. ते घर या रानातल्या मूळच्या लोकांचं होतं, आणि जाळणारे हात आमच्याच गोऱ्या लोकांचे होते. त्या घरातली बाई कुठं गेली, हे मी इतकी वर्षं त्याच झऱ्याचं पाणी भरताना कुणाला विचारलं नाही. तिला तर दावा लावायलाही कचेरी नव्हती. त्या दिवशी ती मला आठवली आणि माझा राग दुप्पट झाला, कारण त्यातला निम्मा माझ्यावरच होता.

ढीग पेटला तेव्हा कर्नल शेरीफला घेऊन आला. धूर पार गावात दिसला असणार.

"हा गुन्हा आहे," तो घोड्यावरूनच म्हणाला. "ही माझ्या अशिलाची मालमत्ता आहे. मी खटला भरीन."

"भरा," गिडियन म्हणाला. "पंच म्हणून कुणाला बसवणार? सगळे इथंच आहेत."

शेरीफ खाकरला आणि आगीकडे बघत राहिला. त्याच्याही कोठाराचे वासे याच माणसांनी चढवले होते.

कर्नल एनॉसकडे वळला. "टॅकेट, तू भला माणूस आहेस. तुला हे शोभतं का?"

सगळे थांबले. मला वाटलं, आता हा टोपी काढणार. एनॉसचा हात टोपीकडे गेलाही. मग त्यानं तो खाली घेतला, जमिनीवरचा दांडा उचलला आणि शेवटच्या ओंडक्याखाली सारला. तो आमच्या दाराचा उंबरा होता.

"व्हर्जिनियाच्या साहेबांना रान मिळालं होतं," तो म्हणाला. त्याचा आवाज कापत होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "त्यांना रान परत. आमचं आम्ही नेलं."

दांड्याचं दुसरं टोक क्रमनं धरलं. उंबरा आगीत गेला.

आता आम्ही मिसूरीत आहोत. इथंही रान होतं, तेही आम्ही तोडतोय, आणि इथंही ते कुणाचं तरी होतं. सासूबाई वाटेतच गेल्या, नदीकाठी पुरल्या. परवा आमच्याकडे सावड होती. दुपारी एक गृहस्थ घोड्यावरून आला, स्वच्छ सदरा, गोड बोलणं, पुढच्या महिन्यात निवडणुकीला उभा आहे म्हणे. त्यानं कोट काढून घोड्यावर टाकला आणि बाह्या वर करत एनॉसच्या दिशेनं निघाला. एनॉस दांडा सारून उभा होता. तो आलेल्या माणसाकडे बघून हसायच्या बेतात होता, मी ते हसू ओळखते.

मी भाकरीचं पीठ हाताला तसंच ठेवून शेतात उतरले आणि दांड्याच्या दुसऱ्या टोकाला लागले. आमच्याकडे बायका दांडा धरत नाहीत. माणसं थबकली.

"ताई, सरा तुम्ही," तो गृहस्थ म्हणाला. "हे आम्हा पुरुषांचं काम."

"हे टोक धरलेलं आहे," मी म्हटलं. "एनॉस, उचल."