कोरडा सांधा

अप्पांनी चाळीस वर्षं सुतारकाम केलं होतं. हाताला काम नसलं की त्यांना घर खायला उठायचं. खालच्या मजल्यावरचे शेजारी जागा सोडताना माशांची जुनी टाकी टाकून चालले, तेव्हा अप्पांनी ती मागून घेतली.

"फुकट मिळाली म्हणजे गळकीच असणार," मुलगी म्हणाली. आई गेल्यापासून घरात ती दोघंच होती.

"तेच तर बघायचंय. न बघता मासे आणायला मी काय खुळा आहे?"

सकाळी त्यांनी जुन्या टेबलावर पाणसळ ठेवून पातळी बघितली, एका पायाखाली पातळ चकती सरकवली, वर थर्मोकोल आणि रद्दीपेपर अंथरला. काचेवरचे क्षाराचे पांढरे डाग ब्लेडने खरवडताना कडेची एक कपची उडाली. ती त्यांनी टेबलावरून खाली झाडली. मग बादलीने पाणी. आधी पाव टाकी, तासाभराने अर्धी, आणि पाण्याच्या रेषेवर पेन्सिलची खूण.

"चपला घाला, घसराल," शाळेच्या ऑफिसात कामाला निघताना मुलगी म्हणाली.

"घरात कसल्या चपला!"

ती परतली तेव्हा दिवेलागण झाली होती, पण दिवा लावलेला नव्हता. अप्पा टाकीला नाक लावून उभे होते. टाकी नुकतीच काठोकाठ भरलेली.

"पोरी, ठणठणीत आहे. चारही सांध्यांवरून बोट फिरवलं. टिपूस नाही."

तिने बटण दाबलं. दारापासून कपाटापर्यंत फरशी चकाकत होती. टेबलाच्या मागच्या पायावरून पाण्याची धार उतरत होती, आणि अप्पा अनवाणी त्या पाण्यात उभे होते.

"अप्पा, खाली बघा."

त्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं.

"हे कधी झालं?"

"तुम्हाला कळलं नाही? पाय भिजलेत तुमचे!"

तिने त्यांचा हात धरला आणि त्यांचं बोट मागच्या डाव्या सांध्यावर टेकवलं. पाणी बोटावरून मनगटापर्यंत ओघळलं.

"आता सांगा."

"कोरडं लागतंय," अप्पा हळूच म्हणाले.

तिने त्यांना खुर्चीत बसवलं. त्यांची पावलं जिथे जिथे पडली, तिथलं पाणी गुलाबी झालं होतं. उजव्या तळव्यात कपची रुतली होती. ती काढताना अप्पांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. कपचीच्या भोवती एक जुनी जखम होती, काळी पडलेली. तिचा वास आला आणि मुलगी मागे सरली.

"कधीपासून?"

"पाय बधिर होऊन दोन वर्षं झाली. तुझी आई होती तेव्हापासून. हाताच्या बोटांचं मात्र... मला वाटायचं, घट्टे पडलेत."

"दोन वर्षं! आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर करवत हातात धरू दिली असतीस?"

दवाखान्यात साखर तपासली, तेव्हा आकडा बघून डॉक्टरांनी ती पुन्हा एकदा मोजायला लावली. जखम हाडापर्यंत सडली होती. आधी पायाची दोन बोटं काढली. दहा दिवसांनी डॉक्टर म्हणाले, पाय घोट्यावरून काढावा लागेल.

"घोट्याच्या वर कापा," अप्पा म्हणाले. "गाठीत करवत अडकते."

डॉक्टर कसंनुसं हसले. मुलगी बाहेर जाऊन भिंतीला टेकली. शेवटी पाय गुडघ्याखालून गेला.

टाकी तिने रिकामी केली आणि 'गळते' अशी चिठ्ठी चिकटवून जिन्याखाली ठेवली. दोन दिवसांत कुणीतरी चिठ्ठीसकट उचलून नेली.

डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, राहिलेला पाय रोज तपासायचा. पहिल्या दिवशी तिने तो मांडीवर घ्यायला हात पुढे केला, तर अप्पांनी चादर ओढून घेतली.

"मुलीच्या मांडीवर पाय? एवढं तरी ठेव माझं."

"मग आरशात तुम्ही बघा."

ते वाकले. कंबर वाकेना, आरसा हातात ठरेना. पकड किती घट्ट हेही बोटांना कळत नव्हतं. आरसा गादीवर पडला. थोड्या वेळाने त्यांनी चादर बाजूला केली आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

तिने पाय मांडीवर घेतला, बॅटरी लावली, बोटांच्या बेचक्यांतून सावकाश बघितलं. करंगळीपाशी एक लालसर ठिपका होता. तिने त्यावर अंगठा दाबला. अप्पा तसेच पडून राहिले.

"झालं का बघून?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही," ती म्हणाली.