सहदेवकाकांचं गाऱ्हाणं

सहदेवकाकांना गिरणीची पेन्शन नव्हती, मुलगा त्यांना विचारत नव्हता आणि टीव्हीचा रिमोट नातवाकडे होता. त्यांच्या मालकीचं म्हणावं असं एकच होतं, गाऱ्हाणं. चारकोपच्या मंडळात माघी गणपतीला देवापुढे उभं राहून मालवणीत सगळ्यांच्या वतीने मागणं मागायचा मान कित्येक वर्षं त्यांचा. काकांनी एक वाक्य टाकून श्वास घ्यायचा आणि अख्ख्या मांडवाने हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणायचं. जो गप्प राहील त्याच्या पोटात पाप, असा तिथला हिशेब.

पण मानाची चावी होती सीतारामशेठच्या खिशात. मांडव त्याचा, लायटिंग त्याची, देवाच्या गळ्यातला हारसुद्धा त्याच्याच गाळ्यातला. खोट्या दागिन्यांना खडे चिकटवायचं काम तो घरोघरी द्यायचा. बायकांचे चष्म्याचे नंबर वाढले, भाव तसाच राहिला. शेवटी काकांची सून सुलक्षणा, मशिदीमागची रझिया आणि चर्चच्या महिला मंडळाची फिलोमिना अशा तिघींनी ठरवलं, डझनामागे पाच रुपये वाढेपर्यंत कुणी माल उचलायचा नाही. चूल चालायला चर्चने तांदूळ दिला, मशिदीच्या कमिटीने डाळ. आपल्या मंडळाने काय दिलं? 'विचार करतो' असं आश्वासन.

उत्सवाच्या दुपारी शेठने काकांना बाजूला घेतलं. "काकानु, गाऱ्हाण्यात माझ्या गोरेगावच्या नव्या गाळ्याचा नाव घेवा. आणि सुनेक सांगा, उद्या माल उचल. एकीन उचलल्यान की बाकीची धावत येतली. नायतर पुढच्या वर्षी गाऱ्हाणा दुसरो कोणतरी घालतलो."

काका "बरां" म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

घरी सुलक्षणा वाटच बघत होती. "काय म्हणाला तो?"

"काय नाय."

"बाबा, तुमचा चेहरा खोटं बोलत नाही, उगाच त्या चेहऱ्याला त्रास देऊ नका. आपल्यातली एक जरी फुटली ना, तर त्या दोघी आपल्याला दारात उभं करणार नाहीत. आणि फिलोमिनाकडचा तांदूळ संपत आलाय."

"देवाच्या दारात भांडाण नको गो."

"मग कुठे भांडू? शेठच्या दारात वॉचमन आहे."

संध्याकाळी मांडव गच्च भरला. सुलक्षणा भजनाच्या बायकांत न बसता मागे, चपलांच्या ढिगापाशी, रझिया आणि फिलोमिनाबरोबर उभी राहिली. शेठ सर्वांत पुढे, हात जोडून, डोळे मिटून.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या सीतारामान गोरेगावाक नवो गाळो घेतल्यान हा, तेका यश दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" शेठचा आवाज सगळ्यांच्या वर.

मागे सुलक्षणाने मान फिरवली आणि चपलेत पाय घातला. काकांना ते दिसलं. आता 'सगळ्यांका सुखात ठेव' एवढं म्हटलं की सुटले. मान शाबूत, पुढचं वर्ष पक्कं. त्यांनी श्वास घेतला.

"आणि जेंच्या बोटांनी तो गाळो उभो केल्यानी, त्या बायकांका डझनाक पाच रुपये वाढवन देवची बुद्धी तेका दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

लहानपणापासूनची सवय ती. शेठच्या तोंडूनही निघून गेलं. मग त्याने डोळे उघडले. सगळ्यात मोठा आवाज चपलांपाशी उठला होता. फिलोमिना वेंगुर्ल्याची, तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"येत्या सोमवारपासून, म्हाराजा!" काका म्हणाले.

आता कुणीच बोललं नाही. सगळा मांडव शेठकडे बघत होता. त्यात त्याचे व्याही होते, गाळ्याला कर्ज देणारा बँकेचा साहेब होता, आणि समोर त्याच्याच हारात नटलेला गणपती. समईची वात तडतडली. काकांची नजर देवावरून हलली नाही.

"सोमवारपासून, म्हाराजा!"

शेठचे ओठ हलले. "...व्हय म्हाराजा."

मग मांडव दणाणला.

आरती झाल्यावर प्रसाद घेताना शेठ काकांच्या कानाशी पुटपुटला, "पुढच्या वर्षी तुमका गाऱ्हाणा नाय."

शेठ दोन्ही शब्दांना जागला. सोमवारी भाव वाढला. आणि पुढच्या माघीला गाऱ्हाणं नितेश नावाच्या पोरट्याने मोबाइलमध्ये बघून वाचलं, तेही अडखळत. काका मागे चपलांपाशी, सुलक्षणाच्या शेजारी उभे होते. पहिल्या वाक्याला त्यांनी सवयीने छाती भरून श्वास घेतला, आणि तो कुठे सोडावा हे क्षणभर त्यांना कळेना.

"बाबा," सुलक्षणा हळूच म्हणाली, "म्हणा ना."

"व्हय म्हाराजा," काका म्हणाले.