सज्जा

मागच्या भिंतीला पोकलेनचा पहिला धक्का बसला आणि त्याच वेळी फाटकापाशी जमलेल्या गर्दीतून एकच आरोळी उठली. रडारड सकाळपासून चाललीच होती, पण ही आरोळी आनंदाची होती. मास्तरीणबाई चमकून वळल्या. शेकडो माणसं माना वर करून घराच्या दर्शनी सज्ज्याकडे बघत होती, आणि सज्ज्यात कठड्याला धरून एक बाई उभी होती.

"थांबव! अरे, थांबव ते मशीन!" मुकादम हात हलवत मागे धावला.

 तो सज्जा टेकूंवर उभा होता, आणि ते टेकू मुकादमाच्या माणसांनी कालच काढून नेले होते.

गावातली निम्मी माणसं मास्तरीणबाईंकडूनच गाडी चालवायला शिकलेली, म्हणून हे नाव. पण गर्दीला त्या मास्तरीण म्हणून माहीत नव्हत्या. गर्दीसाठी त्या होत्या घर पाडणारी बाई. त्या लग्न होऊन या घरात आल्या त्यानंतर थोड्याच वर्षांनी मालिकावाले आले होते. त्यांनी बाहेरून घर टिपलं, सज्जा टिपला, सासूबाईंशी पेढ्यासारखं गोड बोलले आणि गेले. पुढे ती मालिका अशी गाजली की घराघरांत जेवणाच्या वेळा बदलल्या. तिच्यातली मोठी आई रोज भागाच्या शेवटी या सज्ज्यात येऊन परागंदा झालेल्या मुलाची वाट बघायची. मालिका संपली तरी माणसं यायची थांबली नाहीत. फाटकाशी उभं राहून फोटो काढायची, बेल वाजवायची, "मोठी आई आहेत का?" असं हसत विचारायची. एकदा मास्तरीणबाईंनी सज्ज्यात आपला गाऊन वाळत घातला, तर खालून कुणीतरी ओरडलं, "अहो, फोटोत येतोय तो!" त्या दिवसापासून त्यांनी सज्ज्याचं दारच लावून टाकलं.

मग शेजारच्या मोकळ्या जागेत खोल पाया खणला गेला आणि यांच्या घराची एक बाजू खचली. भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली. इंजिनिअरने घर रिकामं करायला सांगितलं. सासूबाईंना व्हीलचेअरवरून भाड्याच्या जागेत हलवताना मास्तरीणबाईंच्या नाकी नऊ आले. पण ते कोण बघतंय? फॅन मंडळींनी उठवलं की बाईला इथे मोठी इमारत बांधायची आहे, भेगबिग सगळं थोतांड आहे. आणि आज ती मंडळी फुलं घेऊन, मेणबत्त्या घेऊन मयताला यावं तशी आली होती.

"कोण आहे ती? मागून शिरली वाटतं." बंदोबस्ताच्या हवालदाराने विचारलं.

"या फॅन मंडळींची अध्यक्ष," मास्तरीणबाई म्हणाल्या. "टेलर आहे. दरवर्षी येऊन फाटकाशी उभी राहते."

त्यांनी तिला एकदाही आत घेतलं नव्हतं.

"अग्निशमनवाले निघालेत," हवालदार म्हणाला. "तोवर कुणी आत जायचं नाही."

पण गर्दीला आता जोर चढला होता. "हलू नका, काकू! आपण जिंकलो!" कुणीतरी ओरडलं आणि दोन पोरं फाटकावर चढू लागली. ती खाली उडी मारून सज्ज्याखाली धावली असती तर? मुकादम तोंडाने "मागे व्हा, मागे व्हा" करत होता, पण त्याचं ऐकतो कोण? सज्ज्यातली बाई त्यांना हात करायला पुढे वाकली आणि सज्ज्याच्या पोटातून मातीची बारीक धार गळाली. ती मास्तरीणबाईंनी पाहिली.

"ही पोरं आवरा तुम्ही," त्या हवालदाराला म्हणाल्या आणि तो "ओ बाई, ओ बाई" करेपर्यंत मागच्या दाराने आत शिरल्या.

घर ओळखू येत नव्हतं. खिडक्या काढलेल्या, दारं काढलेली, मागची भिंत अर्धी बसलेली. अरुंद जिन्यावर धुरळा एवढा की त्या भिंत चाचपत चढल्या. वर सासूबाईंची खोली, आणि खोलीपलीकडे सज्जा.

उंबऱ्याशी त्या थबकल्या. खोलीची फरशी आणि सज्ज्याची फरशी यांच्यामध्ये बोटभर फट पडली होती. परवा ती नव्हती.

"टेलरबाई," त्या हळूच म्हणाल्या.

ती दचकून वळली. पन्नाशीची, ठेंगणी, गळ्यात अजून मापाची टेप. चेहऱ्यावर जिंकल्याची खूण अजिबात नव्हती. हरवलेल्या मुलासारखा चेहरा होता.

"जिना कुठाय हो?" तिने विचारलं.

"कसला जिना?"

"तो मोठा. लाकडी कठड्याचा. मोठी आई उतरायच्या तो. मी सगळीकडे बघितलं. खाली नुसतं स्वयंपाकघर आणि... संडास आहे."

"तो जिना स्टुडिओत होता. आतलं सगळं स्टुडिओत. इथलं फक्त बाहेरचं घेतलं त्यांनी, आणि हा सज्जा."

टेलरबाईने कठडा घट्ट धरला. "मग मी इथेच थांबणार. एवढं तरी खरं आहे ना!"

मास्तरीणबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. इतक्या वर्षांचं सगळं जिभेवर आलं. खरं? या खोलीत सासऱ्यांनी प्राण सोडला तेव्हा खाली माणसं सेल्फी काढत होती, ते नव्हतं का खरं? पण फरशी कुरकुरली आणि त्यांनी सगळं गिळलं. घाबरलेल्या माणसावर ओरडलं की तो नेमका ॲक्सिलरेटरच दाबतो, हे त्यांना रोजच्या कामाने शिकवलं होतं.

"तुमच्यामागे घरी कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"मुलगी. लांब असते. भांडून गेली." टेलरबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "बोलायची नाही माझ्याशी. पण मालिका लागली की फोन करायची. मोठ्या आईला असं का केलं, त्या सुनेला हाकला, असं काहीबाही बोलायचो आम्ही. दुसरं काही काढलं की भांडण. मालिका संपल्यावर मी दरवर्षी इथला फोटो पाठवते तिला. मग ती दोन शब्द लिहिते." तिने नाक पुसलं. "आता काय पाठवू?"

 त्यावर काही बोलायला वेळ नव्हता. खालून घोषणा सुरू झाल्या होत्या, आणि प्रत्येक घोषणेला टेलरबाई सवयीने हात वर करत होती.

"खाली बसा," त्या म्हणाल्या.

"का?"

"सज्जा सुटलाय. तुमच्या पायापाशी बघा."

तिने पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. "मला वाटलं, तुम्ही लोकांना फसवायला..."

"बसा. उभं राहू नका. कठडा सोडा."

"नाही सोडता येत." खरंच तिची बोटं पांढरी पडली होती. "हात सुटत नाहीयेत, ताई."

"माझ्याकडे बघा. खाली नाही, त्यांच्याकडे नाही. माझ्याकडे. आता डावा हात. फक्त डावा."

तो सुटला. तेवढ्यात खालून कडकड आवाज आला, गर्दी किंचाळली, आणि कठड्याचा एक मोठा तुकडा बाहेरच्या बाजूला कलून खाली गेला. खाली गर्दीने फाटकावरून टाकलेल्या फुलांचा ढीग होता, त्यावर तो आदळला. घोषणा मधेच तुटल्या. टेलरबाई दुसऱ्या हाताने उरलेल्या कठड्याला लोंबकळल्यासारखी बसली होती आणि फरशी बाहेर झुकत होती.

मास्तरीणबाई पोटावर आडव्या झाल्या. दाराच्या चौकटीत पाय अडकवले, हात लांब केले.

"उजवा सोडा!"

"पडेन मी!"

"पडलात तर माझ्यासकट पडाल. सोडा म्हणते ना!"

एवढा वेळ दाबून धरलेला आवाज आता फुटला होता, आणि त्याच आवाजाने काम केलं. टेलरबाईने हात सोडला आणि स्वतःला पुढे झोकून दिलं. मनगटं हातात आली. मास्तरीणबाईंनी जीव खाऊन ओढलं. खांद्यातून कळ निघाली. तिचे गुडघे फटीवरून घासत आत आले, मग पाय, मग दोघी एकमेकींवर पडल्या आणि तशाच धुरळ्यात खोकत राहिल्या.

दोघी बाहेर आल्या तेव्हाही अग्निशमनवाले पोचले नव्हते आणि हवालदार संतापला होता. "हिच्यावर तक्रार देताय ना?"

"उद्या सांगते," मास्तरीणबाई म्हणाल्या. पुढे त्या चौकीत कधी गेल्याच नाहीत.

एक पोरगा मोबाईल पुढे करत टेलरबाईपाशी आला. "काकू, का उतरलात? जिंकलो होतो ना आपण!"

टेलरबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आत घर आहे रे. माणसांचं. मागे व्हा सगळे."

काहीजण मागे सरले. काही तिला फितूर म्हणाले, आणि त्यातल्या एकाने तिच्यासमोर फुलं भिरकावली.  समोरच्या फुटपाथवर मास्तरीणबाई खांदा धरून बसल्या होत्या, ती त्यांच्याशेजारी येऊन बसली.

मशीन पुढच्या बाजूला आणून पुन्हा सुरू केलं. सज्जा पहिल्याच धक्क्याला गेला. गर्दीतून हुंदके आले, एक म्हातारे गृहस्थ तर लहान मुलासारखे रडले. मास्तरीणबाईंना वाटलं होतं, आपल्याला मोकळं वाटेल. पण धुरळा बसला आणि सज्ज्यामागची सासूबाईंची खोली भर रस्त्यावर उघडी पडली. पोपटी रंगाची भिंत, पलंगाच्या डोक्याशी तेलकट डाग, सासऱ्यांची छत्री टांगायचा खिळा. त्यांना भर बाजारात कुणी अंगावरचं कापड ओढल्यासारखं झालं. त्यांनी मान खाली घातली.

गर्दीतले मोबाईल वर झाले होते.

टेलरबाई उठली. तिचे गुडघे सोलवटले होते. ती गर्दीसमोर जाऊन उभी राहिली.

"फोन खाली," ती म्हणाली. "हे मालिकेत नव्हतं. हे त्यांचं आहे."

काहींनी खाली केले, काहींनी नाही. ती एकेकासमोर जाऊन, हाताने फोन खाली दाबत फिरू लागली. पोकलेनचा दात पोपटी भिंतीत घुसला तेव्हा ती गर्दीच्या दुसऱ्या टोकाला होती, आणि अजून कुणाशी तरी भांडत होती.