प्रायमर राहिला होता

उल्हासला घरामागे झोपाळा हवा होता. आयर्लंडमधल्या एनिस गावातलं घर घेतल्यापासून तो कौमुदीला सांगत होता, आणि २०२०च्या नाताळात कारखान्याला सुट्टी लागली तेव्हा त्याने लोखंडी पाइप आणलेच. शेडमध्ये बसून त्यांवरचं काळं तेल थिनरने पुसलं, मग तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने घासून चकचकीत केले.

"उघड्या लोखंडाला हात लावायचा नाही," तो बायकोला बजावायचा. "घामाने गंजतं. ग्लोव्ह्ज घाल."

शेवटचा पाइप घासताना मात्र त्याला ताप चढला होता. "ग्लोव्ह्जमध्ये पकडच येत नाहीये गं," म्हणत त्याने ते काढून टाकले. कसेबसे सगळे पाइप प्लास्टिकमध्ये गुंडाळले आणि गंज रोखणारा प्रायमर उद्यावर टाकला.

दोन दिवसांनी अ‍ॅम्ब्युलन्स त्याला लिमरिकच्या हॉस्पिटलात घेऊन गेली. कौमुदीला सोबत जाऊ दिलं नाही. जानेवारीत एका नर्सने धरलेल्या फोनवर तिने त्याला शेवटचं पाहिलं.

मे महिन्यात ती आणि त्यांची सोळा वर्षांची लेक रेवा शेडमध्ये गेल्या. प्लास्टिक सोडलं. बाकीचे पाइप बरे होते. शेवटच्यावर चार बोटं आणि अंगठा उमटला होता, तांबूस गंजात.

"इज दॅट बाबा?"

कौमुदीने होकारार्थी मान हलवली. त्या खुणांवर तिने आपली बोटं ठेवून पाहिली. पुरली नाहीत.

"डोन्ट सँड दॅट वन, आई. प्लीज."

"गंजावर रंग टिकत नाही, बाळा. पोपडे येतात."

"सो लेट देम."

कौमुदीने तो पाइप बाजूला ठेवला. बाकीच्या पाइपांना प्रायमर मारला, आत जाऊन चहा ठेवला आणि तो तसाच ओट्यावर विसरली. परत आली तेव्हा रेवा तो पाइप मांडीवर घेऊन बसली होती. डोळे सुजले होते.

"मी धरते," रेवा मराठीत म्हणाली. "तू घास."

कौमुदी घासू लागली. करंगळीच्या ठशापाशी तिचा हात थांबला, तेव्हा रेवाने पॉलिश पेपर घेतला. लोखंड पुन्हा चकाकलं. तिथे आता काहीच नव्हतं. कौमुदीने प्रायमरचा ब्रश उचलला आणि ती तिथेच जमिनीवर बसून मोठमोठ्याने रडली.

जूनमध्ये झोपाळा उभा राहिला. रेवा रोज संध्याकाळी त्यावर बसायची. कौमुदी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची, पण बाहेर यायची नाही.