काशाची झारी आणि नीलीचं गाणं

मित्रांनो, मी एक जुनी काशाची झारी आहे. पोट गोल, तोटी लांब. माझं बोलणं तुम्हाला आवडेल की नाही, कोण जाणे. भांड्यांना बोलायची सवय नसते.

आधी मी मेणाची होते. ओतारी आजोबांनी मेणावर माती लिंपली, भट्टी लावली. मेण वाहून गेलं आणि त्या पोकळीत तापलेलं कासं उतरलं. तेव्हाचं मला स्वप्नासारखं अंधुक आठवतं.

मला चात्तुण्णी वैद्यरांनी, म्हणजे गावच्या वैद्यांनी, नेलं. नदीकाठच्या त्यांच्या पडवीत तोंड आलेली माणसं येत. जाईचा पाला, गुळवेल, दारुहळद आणि त्रिफळा यांचा काढा निवला की वैद्यर त्यात मध घालून तो माझ्यात ओतत. माझी धार ओठांना न शिवता तोंडात पडे. मग तो घोट गिळायचा नाही, खुळखुळवायचाही नाही. डोळ्यांना नि नाकाला पाणी सुटेपर्यंत गाल भरून नुसतं बसायचं. भांडखोर माणसंही तेवढा वेळ गप्प होत. माडांच्या सावल्या त्यांच्या अंगावरून सरकत आणि सगळी पडवी पाण्याखाली असल्यासारखी वाटे. ती वेळ मला फार आवडायची.

एका वर्षी नीली आली. ती आणि तिचा नवरा वेलुण्णी दारोदार नागांची गाणी म्हणत, लेकरांची दृष्ट काढत. तो वीणा वाजवी, ती तार लावलेला मातीचा घट. पानातल्या चुन्याने तिचं तोंड सोलून निघालं होतं. मोठ्या घराच्या नागबनातलं, म्हणजे नागांसाठी राखलेल्या झाडीतलं, वर्षाचं गाणं जवळ आलं होतं. सासूपासून चालत आलेला तो मान. ती गायली नाही, तर पलीकडच्या गावचे गाणारे तो नेणार होते.

रोज काढा धरूनही तोंड बरं होईना. ती थुंकायची त्या काढ्यात मला लाली दिसे. पण मी सांगणार कशी? शेवटी वैद्यरांनाच ती लाली दिसली.

"नीली, पान बंद आहे ना गं?"

"घरी बंदच आहे, वैद्यर."

"आणि दारोदारी?"

नीलीने मान खाली घातली. "गाणं झालं की विडा हातावर ठेवतात. तिथल्या तिथे तोंडात घातला नाही, तर आयांना वाटतं, नीली रुसली, आता लेकराला बाधणार. कसं नाही म्हणू?"

वेलुण्णी हसला. "वैद्यर, हिचं तोंड आधीच भरलेलं असेल, तरच विडा आत जायचा नाही. मलाही जरा शांतता मिळेल!"

"तुझ्या बेसुऱ्या गाण्यात कसली शांतता?" नीली म्हणाली.

वैद्यर मात्र हसले नाहीत. "बरोबर बोलतोय तो. काढ्याने भरलेलंच ठेव. गाणं त्याला म्हणू दे, तू घट वाजव. विडा कनवटीला बांध. झारी सोबत ने."

अशी मी गाव हिंडले. नीलीचे फुगलेले गाल बघून पोरं खिदळत, आया पदराआड हसत. रागावलं कुणीच नाही. हळूहळू काढ्यातली लाली विरत गेली.

नागबनात हळदीच्या आणि कोळशाच्या पुडीने नाग रेखले होते. पहिल्या ओळीला नीलीचा आवाज अडखळला. वेलुण्णीने वीणा थांबवली नाही. दुसऱ्या ओळीला तिचा आवाज मोकळा झाला आणि वेलींमधून वर वर गेला. रेखलेले नाग हलल्यासारखे मला वाटले. भास असेल.

गाणं संपल्यावर मोठ्या घरच्या अम्मांनी विडा पुढे केला. नीलीने तो कपाळाला लावला. "बांधून नेते, अम्मा. पुढच्या वर्षी गायचंय मला."

"बांध, बांध. पुढच्या वर्षीही तूच ये," अम्मा म्हणाल्या.

आता वैद्यर नाहीत, नीलीही नाही. मी फळीवर पडून आहे. तोटीत मुंग्यांनी घर केलंय. नागबनातून कधी गाणं ऐकू येतं. नीलीची सून गाते. मध्येच तिचा आवाज खरखरतो. तिच्या गालात पान असतं का, इथून कळत नाही.

मित्रांनो, कुणीतरी जाऊन तिला विचाराल का? आणि जाताना मला चिंचेने घासून, भरून न्याल?