कोपराचा शेक

दवाखान्यातल्या प्रेमिलाबाईंनी वामनरावांच्या उजव्या कोपराच्या दोन्ही बाजूंना रबरी गाद्या ठेवल्या, पट्टा आवळला आणि मशीनचं बटण फिरवलं.

"हात हालवू नका जी. चटका बसला तर लगेच सांगा."

मशीन गुणगुणू लागलं. कातडीच्या खाली, हाडाच्या आसपास कुठेतरी ऊब पसरली. वामनरावांनी डोळे मिटले. एवढा वेळ तरी कोणी काही विचारणार नव्हतं.

पाचपावली वस्तीतल्या दोन खोल्यांच्या घरात त्यांनी उभा जन्म माग चालवला होता. उजव्या हाताने दोरीला झटका द्यायचा, धाग्याचा धोटा पलीकडे पळायचा, डाव्या हाताने फणी ओढायची. गेल्या थंडीत कोपरात ठणका सुरू झाला आणि वाढत वाढत पाण्याचा पेलाही उचलेना. हळदीचा लेप झाला, मालीश झालं, मोठ्या दवाखान्यात सुई झाली. सुईचा गुण होळीपर्यंत टिकला. मग तरुण डॉक्टरांनी विजेचा शेक लिहून दिला.

"स्नायू जिथे हाडाला धरून असतो, तिथे झिजलंय," ते म्हणाले होते. "शेकाने आराम पडेल. पण माग बंद ठेवायचा."

"किती दिवस जी?"

"ते हातच सांगेल."

पण मागावर लग्नाच्या लुगड्यांच्या उभ्या धाग्यांचा ताणा चढलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची बायको जनाबाई पदर खोचून मागावर बसली. आजवर तिने सुताच्या कांड्या भरल्या होत्या, तुटलेले धागे जोडले होते. बसली कधी नव्हती.

"किनार ढिली पडून राहिली वं," वामनराव मागून म्हणाले.

"मंग तुमी काहून डोक्यावर उभे आहा? बाहेर बसा न."

ते ओट्यावर जाऊन बसले. आतून खटखट ऐकू येई. मध्येच ती थांबली की धागा तुटला हे त्यांना न बघता कळे आणि मांडीवरची बोटं आपोआप आवळली जात. येणाराजाणारा विचारी, "काय गा वामन, आराम का?" हळूहळू आतला आवाज एका लयीत आला. आपण नसतानाही माग असा चालतो, हे ऐकताना त्यांना बरंही वाटे आणि नकोसंही वाटे.

आज शेक झाल्यावर डॉक्टरांनी कोपराच्या हाडाजवळ अंगठा दाबला.

"दुखतं?"

"नाही जी."

"ती खुर्ची उचला बघू."

वामनरावांनी खुर्ची उचलली. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, "छान! आता शेकाची गरज नाही. पण पुन्हा मागावर बसलात तर पुन्हा हेच होईल. दुसरं एखादं काम बघा."

वाटेत वामनरावांनी एक टरबूज घेतलं आणि मुद्दाम उजव्या हातात धरून भर उन्हात घरापर्यंत आणलं.

जनाबाई चुलीपाशी चहा गाळत होती. टरबूज तिच्यापुढे ठेवून ते म्हणाले, "हे पाय, उजव्या हातानं आणलं."

"अगं बाई! गुण आला म्हणा मंग." ती मनापासून हसली. बशीत चहा ओतला आणि बशी त्यांच्यापुढे धरली.

डाव्या हाताने.

वामनराव बशीकडे बघत राहिले. या बाईने दारच्या भिकाऱ्यालाही कधी डाव्या हाताने पाणी दिलं नव्हतं. तिच्याही ते ध्यानात आलं. तिने बशी खाली ठेवली आणि उजवा हात पदराखाली घेतला.

"कवापासून?"

"काय कवापासून?"

"जना."

"थोडंसंच आहे. जाईन ते आपोआप." ती चुलीकडे वळली. "चहा निवून राहिला तुमचा."

त्यांनी चहा घेतला नाही. उठले आणि मागावर जाऊन बसले. पाय खालच्या पावडीवर गेले, हात दोरीवर गेला. धोटा सळकन पलीकडे पळाला.

"उठा तिथून!" जनाबाई दारात येऊन उभी राहिली. "डॉक्टरनं मना केलं न तुमाले?"

वामनराव माग चालवत राहिले. वीतभर कापडही विणून झालं नव्हतं, तोच कोपरात तीच कळ उठली आणि मनगटापर्यंत उतरली. त्यांनी मान खाली घातली, तोंड तिला दिसू नये म्हणून.

"दुखून राहिलं का?" तिने हळूच विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "तुले?"

"नाही."

वामनरावांनी दोरीला झटका दिला.